एकल अणूचे चुंबकीय स्थैर्य : एका पारिभाषिक शब्दाच्या निमित्ताने

आमच्या विद्यापीठातील पदार्थविज्ञान विभागाच्या एका सहकाऱ्यांनी मागे पारिभाषिक शब्दांची एक यादी प्रस्तुत लेखकाकडे तपासण्यासाठी धाडली होती. द्विमितीय पदार्थांच्या पृष्ठभागावर बसविलेल्या एकट्या अणूचे चुंबकत्व किती टिकते, या विषयावर मराठीतून व्याख्यान देण्याचा त्यांचा मानस होता. यादीत 'स्थैर्य' हा शब्द तीन ठिकाणी, तीन वेगवेगळ्या संज्ञांपुढे लिहिलेला होता. एकच शब्द तीन जागी आढळला की तो तिन्ही जागी एकाच अर्थाने आला आहे काय, हे पाहण्याची भाषाभ्यासकास सवयच असते. म्हणून मी त्यांना विचारले, "हे स्थैर्य नेमके कोणाचे?" ते म्हणाले, "अणूचे. दुसऱ्या कोणाचे असणार?" हे उत्तर अपुरे आहे, असे त्यांनीच दिलेले निबंध वाचताना मला वाटू लागले, आणि पुढे त्यांनीही ते मान्य केले. ते अपुरे का, हे सांगणे हाच या लेखाचा हेतू होय.

आरंभी एक खुलासा केला पाहिजे. मराठीत मूलद्रव्याच्या लघुतम कणास आपण अणू म्हणतो आणि अणूंच्या संयोगास रेणू. हिंदीत पहिल्यास परमाणु व दुसऱ्यास अणु म्हणण्याचा परिपाठ आहे. हिंदी पाठ्यपुस्तकांतून शास्त्र शिकून आलेल्या विद्यार्थ्यांची यामुळे नेहमी फसगत होते. या लेखात सर्वत्र मराठी अर्थच अभिप्रेत आहे.

लोखंडाच्या तुकड्यातील चुंबकत्व टिकते, कारण त्यातील अणू एकमेकांस सांभाळून असतात. कवायतीच्या रांगेत एखाद्या शिपायाचे तोंड चुकून भलतीकडे वळले, तर शेजारचे त्यास ताळ्यावर आणतात. तसाच हा प्रकार. तुकडा जसजसा लहान होत जाईल तसतसे हे परस्परसाह्य घटते, आणि उष्णतेच्या धडपडीत सबंध तुकड्याचीच दिशा उलटण्याचा संभव वाढतो. गणकयंत्रांच्या चुंबकीय तबकड्यांवर माहितीचा एक अंश, म्हणजे 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर, साठविण्यास सुमारे 1 लक्ष अणू खर्ची पडतात, असे आय. बी. एम. या संस्थेने 2017 साली प्रसृत केलेल्या माहितीत म्हटले होते. तो खर्च कोठवर कमी करता येईल, या प्रश्नाची शेवटची मर्यादा उघड आहे : एका अंशास एक अणू. परंतु एकट्या अणूला सांभाळणारे शेजारी कोठून आणावयाचे?

येथे एक गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. रिकाम्या अवकाशातील अणूस चुंबकत्व असेल, परंतु त्यास दिशा कोणतीच प्रिय नसते. वर-खाली, पूर्व-पश्चिम सर्व त्यास सारखेच. अशा अणूबाबत 'दिशा टिकली' किंवा 'दिशा उलटली' हे शब्दप्रयोगच निरर्थक होत. तो कोठेतरी बसला, त्याच्याभोवती डावे-उजवे आणि वर-खाली असा भेद निर्माण झाला, म्हणजे मगच त्यास एखादा अक्ष प्राप्त होतो. आसनाने अक्ष दिल्यावर अणूचे चुंबकत्व त्या अक्षावर 'वर' किंवा 'खाली' या दोन स्थितींत राहू शकते, आणि त्या दोहोंमध्ये ऊर्जेची एक भिंत उभी राहते.

या कामी ज्यांची निवड झाली ती बहुधा विरल मृत्तिका या गटातील मूलद्रव्ये आहेत. विशेषतः होल्मिअम व डिस्प्रोसिअम. होल्मिअमचे नाव स्टॉकहोम नगराच्या लॅटिन रूपावरून पडले. डिस्प्रोसिअमला 1886 साली लकॉक द ब्वाबोद्रां याने 'हाती लागण्यास कठीण' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव दिले. (प्रस्तुत विषयात ते नाव अन्य अर्थानेही सार्थ ठरले आहे.) या अणूंतील ज्या इलेक्ट्रॉनांमुळे चुंबकत्व येते ते बाह्य कक्षेत नसून आत दडलेले असतात. त्यांच्या विद्युद्भाराचा ढग गोल नसतो. होल्मिअमच्या बाबतीत तो थापलेल्या भाकरीसारखा चपटा असतो, आणि अणूचे चुंबकत्व त्या ढगाच्या आकाराशी घट्ट जखडलेले असते. अशा अणूच्या बरोबर खाली ऋण भाराचा ऑक्सिजन असला, तर ऋण भाराचा तो चपटा ढग त्याच्यापासून दूर राहण्यासाठी आडवा पसरतो. ढग आडवा म्हणजे चुंबकत्व उभे. ते उलटवावयाचे तर ढग उभा करावा लागेल, आणि तसे करण्यास ऊर्जा लागेल. भिंत म्हणतात ती हीच.

तेव्हा भिंत उंच केली की काम झाले, असे वाटणे साहजिक आहे, आणि काही काळ संशोधकांचे लक्ष याच दिशेस होते. 2003 साली प्लॅटिनमच्या पृष्ठभागावरील कोबाल्टच्या एकेका अणूसाठी दिशाभेदाची ऊर्जा 9.3 मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट आढळली, तेव्हा तो आकडा प्रचंड मानला गेला. 2014 साली मॅग्नेशिअम ऑक्साइडच्या पातळ थरावर कोबाल्टच्याच अणूने 58 चा आकडा गाठला. या वर्गातील धातूंना याहून पुढे जाता येणार नाही, असे गणित सांगत होते. इतके होऊनही त्या कोबाल्टची दिशा टिकली ती सेकंदाचा अल्पसा अंश. भिंत उंच असूनही कैदी पळतो, याचा अर्थ तो भिंतीवरून जात नसला पाहिजे.

पळण्याचे मार्ग तीन आहेत. पहिला भिंतीवरून, उष्णतेच्या बळावर. तो थंडीने रोखता येतो. दुसरा मार्ग शेजाऱ्यांच्या धक्क्यांचा. अणू धातूवर बसला असेल तर धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन त्यास अविरत धडकत असतात, आणि पृष्ठभागाची कंपनेही त्यास हालवीत असतात. तिसरा मार्ग सर्वांत चमत्कारिक. पुंजयामिकीच्या नियमांनुसार 'वर' व 'खाली' या दोन स्थितींची सरमिसळ झाली, तर अणू भिंत न चढता पलीकडे प्रकट होतो. शून्य तपमानासही हा मार्ग बंद होत नाही. थंडी तेथे निरुपयोगी. तो बंद करू शकते ते केवळ आसनाचे भौमितिक रूप, आणि हा मुद्दा थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण सर्व वाद त्याभोवतीच झाला आहे.

ज्या अणूचा एकंदर कोनीय संवेग 8 एकके आहे असा अणू घेऊ. या संवेगाचा अक्षावरील भाग वाटेल ती किंमत घेऊ शकत नाही. अधिक 8 पासून उणे 8 पर्यंतचे पूर्णांकच त्यास मोकळे आहेत; म्हणजे सतरा पायऱ्यांचा एक जिना झाला. आता आसनाची सममिती पाहू. षट्कोणी आसन साठ अंशांनी फिरविले तर पूर्ववत दिसते; असे आसन अणूला एका वेळी सहा पायऱ्याच उतरू देते. चौकोनी आसन चार पायऱ्यांची, त्रिकोणी आसन तीन पायऱ्यांची उडी देते. अणू अधिक 6 या पायरीवर उभा असून आसन षट्कोणी असेल, तर 6 वरून 0, 0 वरून उणे 6. दोन उड्यांत तो भिंतीपलीकडे पोचला. परंतु तोच अणू अधिक 7 वर उभा असेल तर? 7 वरून 1, 1 वरून उणे 5, आणि पुढची उडी उणे 11 वर, जी पायरी अस्तित्वातच नाही. उणे 7 ही पायरी त्याच्या पावलाखाली कधी येतच नाही. इतकेच नव्हे, तर एखाद्या इलेक्ट्रॉनाने धक्का देऊन त्यास आणखी एक पायरी सरकविले, तरी उणे 4 किंवा उणे 6 एवढीच मजल. उणे 7 नाहीच. वाचकाने हे बोटांवर मोजून पाहावे. चौकोनी आसनावरही 7 चा आकडा असाच निभावतो. 8 चा मात्र निभावत नाही, कारण 8, 4, 0, उणे 4, उणे 8.

म्हणजे अणूचे भवितव्य दोन आकड्यांच्या भागाकारावर ठरते : तो उभा आहे त्या पायरीच्या अंकाची दुप्पट, आणि आसनाच्या कोनांची संख्या. भागाकार निःशेष झाला की चुंबकत्व गेले. पहिला आकडा अणूचा असे वरवर दिसते. परंतु सतरांपैकी कोणती पायरी सर्वांत खालच्या ऊर्जेची ठरावी, हेही आसनाच्याच विद्युत्‌क्षेत्रावर अवलंबून असते.

या हिशेबावर 2013 साली एक प्रसिद्ध दावा उभा राहिला. कार्ल्सरुह येथील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या प्रयोगात प्लॅटिनमच्या त्रिकोणी सममितीच्या पृष्ठभागावर होल्मिअमचे एकेक अणू ठेवण्यात आले, आणि त्यांचे चुंबकत्व काही मिनिटे टिकते, असा निष्कर्ष 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उपपत्ती मोठी देखणी होती. अणू 8 च्या पायरीवर आहे असे मानले, तर 16 ला 3 ने निःशेष भाग जात नाही. इलेक्ट्रॉनांच्या धक्क्यांचे निराकरण करण्यासाठी काळाच्या उलट-सुलट सममितीचाही आधार घेतलेला होता. धातूवर, मुक्त इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत, एकटा अणू मिनिटेच्या मिनिटे दिशा राखतो ही गोष्ट आश्चर्यकारक होती. पुढच्याच वर्षी लोझान येथील गटाने क्ष-किरणांच्या साह्याने याच अणूचे परीक्षण केले, तेव्हा तो 8 वर नसून 6 वर आढळला. 12 ला 3 ने भाग जातो. 2016 साली हॅम्बुर्गच्या संशोधकांनी सूचीने एकेक अणू तपासला, त्यांनाही चुंबकत्वाची खूण सापडली नाही.

या प्रकरणास कोणी फजिती म्हणतील. मला तसे वाटत नाही. तर्कशास्त्र अचूक होते, चुकला तो एक आकडा. आणि आकडा का महत्त्वाचा आहे हे त्या निबंधाने शिकविले नसते, तर तो तपासण्याची बुद्धी पुढच्यांस इतक्या लवकर झाली नसती. मला शिक्षक म्हणून हा सबंध इतिहास वर्गात सांगण्याजोगा वाटतो. परंतु व्याख्यानांतून बहुधा यशस्वी प्रयोगच तेवढे सांगितले जातात.

यशस्वी प्रयोगही त्याच 2016 सालचे आहेत, आणि दोन्हींत आसन बदललेले आहे. पहिल्यात लोझानच्या गटाने चांदीवर मॅग्नेशिअम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवून त्यावर होल्मिअमचे अणू बसविले. हा थर विद्युद्रोधक असल्यामुळे चांदीतील इलेक्ट्रॉनांचा उपद्रव थांबला. शिवाय तो ताठर असल्याने कंपनेही थोडीच. 10 केल्व्हिन तपमानास चुंबकत्व सुमारे 1,500 सेकंद, म्हणजे 25 मिनिटे टिकले. आणि बाह्य क्षेत्र काढून घेतल्यावरही अवशिष्ट चुंबकत्व 30 केल्व्हिनपर्यंत आढळले. एकट्या अणूत अवशिष्ट चुंबकत्व दिसल्याचा हा पहिला निर्विवाद पुरावा मानला जातो.

दुसरा प्रयोग आपल्या विषयाच्या अधिक निकट आहे, कारण मॅग्नेशिअम ऑक्साइडचा थर पातळ असला तरी तो काटेकोर अर्थाने द्विमितीय पदार्थ नव्हे. ग्राफीन हा मात्र तसा आहे. कार्बनचे अणू मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे षट्कोणांत जोडून झालेले हे एकाच अणूच्या जाडीचे वस्त्र होय. याच्या अंगी दोन गुण असे आहेत की, जणू ते याच कामासाठी निर्माण झाले असावे. धक्के देऊ शकतील असे इलेक्ट्रॉन त्यात फारच थोडे. कार्बनचे परस्परबंध इतके ताठ की मंद कंपनेही थोडी. आणि षट्कोणाच्या मध्यभागी बसणाऱ्या अणूस सहा कोनांचे आसन आयतेच मिळते. संशोधकांनी इरिडिअम धातूवर ग्राफीन वाढविले आणि त्यावर डिस्प्रोसिअमचे विरळ अणू सोडले. 2.5 केल्व्हिनला, म्हणजे शून्याखाली सुमारे 270 अंश सेल्सिअसला, त्यांचे चुंबकत्व 1,000 सेकंद टिकले, आणि 5.6 टेस्ला इतक्या क्षेत्रापर्यंत मंदायन दिसून आले. मंदायन म्हणजे क्षेत्र बदलले तरी चुंबकत्वाने त्याच्या मागे रेंगाळणे. मूळ ग्रीक धातूचा अर्थही 'मागे पडणे' असाच आहे. हा डिस्प्रोसिअम 7 च्या पायरीवर होता. 14 ला 6 ने निःशेष भाग जात नाही.

या प्रयोगात आणखी एक सौंदर्य आहे. इरिडिअमची अणुरचना व ग्राफीनची जाळी यांची मापे जुळत नाहीत. दोन जाळीदार कापडे एकावर एक धरली असता जशी मोठ्या घरांची तिसरीच नक्षी उमटते, तशी येथेही सुमारे 2.5 नॅनोमीटर अंतराने पुनरावृत्त होणारी नक्षी उमटते. पाश्चात्य शास्त्रज्ञ तिला 'म्वारे' म्हणतात. हा फ्रेंच शब्द लहरदार रेशमाचा वाचक असून तो इंग्रजी 'मोहेर' मार्गे अरबी 'मुखय्यर' या वस्त्रनामापर्यंत जाऊन भिडतो. डिस्प्रोसिअमचे अणू या नक्षीच्या प्रत्येक घरात बहुधा एकेक असे आपोआप स्थिरावतात. कोणी सूचीने उचलून ठेवावे लागत नाहीत. घरांची दाटी लक्षात घेता एका चौरस इंचात 115 लक्ष कोटी, इंग्रजी परिभाषेत 115 टेराबिट, इतके अंश मावतील असा हिशेब निघतो.

अणू जसाच्या तसा असला आणि आसन बदलले, तर काय होते? लोझानच्याच गटाने 2018 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचे उत्तर मिळते. त्यांनी इरिडिअमवरील ग्राफीनवर निओडिमिअम, टर्बिअम, होल्मिअम आणि एर्बिअम हेही अणू पारखून पाहिले. 2.5 केल्व्हिनला मंदायन दिसले ते एकट्या डिस्प्रोसिअममध्ये. मॅग्नेशिअम ऑक्साइडवर कीर्ती मिळविलेला होल्मिअम ग्राफीनवर तसा ठरला नाही. उलट डिस्प्रोसिअमला ऑक्साइडचे आसनही मानवते. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या थरावरील डिस्प्रोसिअमची भिंत 250 मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी भरली, आणि 1 केल्व्हिनच्या आसपास अनेक दिवस निरीक्षण करूनही त्याने आपण होऊन दिशा पालटली नाही.

क्ष-किरणांच्या परीक्षणात एका वेळी असंख्य अणूंची बेरीज हाती येते, एकेकाची ओळख पटत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. एका अणूवर लिहिणे व त्याच अणूवरून वाचणे हे काम 2017 साली अमेरिकेतील अल्मादेन येथे झाले. तेथील संशोधकांनी सूचीतून विद्युत्प्रवाहाचा झटका देऊन ऑक्साइडवरील होल्मिअमची दिशा पालटविली, आणि पालटल्याची साक्ष काढली ती जवळच ठेवलेल्या लोखंडाच्या एका अणूकडून! होल्मिअमची दिशा बदलली की या शेजाऱ्याच्या अनुनादाची वारंवारता किंचित सरकते. त्यावरून होल्मिअमचे चुंबकत्व 10.1 बोर-मॅग्नेटॉन भरले. दोन होल्मिअम अणूंच्या चारही स्थिती त्यांनी हव्या तशा लिहून वाचल्या. 2018 सालच्या पुढील मापनात 35 केल्व्हिनला तो अणू 8 टेस्लाच्या क्षेत्रासही बधला नाही. आपोआप दिशा पालटल्याच्या पहिल्या घटना दिसल्या त्या 45 केल्व्हिनला. तो 7 वर आहे की 8 वर, हा प्रश्न मात्र त्या निबंधाने उघडाच ठेवला. 8 वर असला तरी अगदी अल्पसे बाह्य क्षेत्र त्या चोरवाटेस अडविण्यास पुरते, असे त्यांचे म्हणणे होते.

खोलीच्या तपमानास हे सर्व का चालत नाही, असे श्रोते अवश्य विचारतील. त्या तपमानास उष्णतेची सर्वसाधारण ऊर्जा सुमारे 25 मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट असते; 250 ची भिंत तिच्या केवळ दसपट. अंश वर्षानुवर्षे टिकावयाचा तर भिंत उष्णतेच्या चाळीस ते साठपट लागते, असा चुंबकीय लेखनाच्या धंद्यातील ठोकताळा आहे. आणि भिंतीची चिंता मिटली तरी निराळीच अडचण उभी राहील : ग्राफीनवर अणूची पकड सैल असते, ऊब मिळताच तो घर सोडून भटकू लागतो आणि सोबत्यांत मिसळून जातो. दिशा टिकली, पण जागाच गेली.

येथे यादीतील तीन 'स्थैर्यां'चा उलगडा झाला. एका ठिकाणी अणूने जागा न सोडणे अभिप्रेत होते, दुसऱ्या ठिकाणी उष्णतेने भिंत न ओलांडणे, आणि तिसऱ्या ठिकाणी सममितीमुळे सरमिसळ न होणे. पहिल्यासाठी मी 'स्थानस्थैर्य' सुचविले व दुसऱ्यासाठी 'औष्णिक स्थैर्य'. ते त्यांनी लगेच मान्य केले. तिसऱ्यासाठी 'सममितिरक्षण' असा शब्द सुचविला, कारण तेथे अणू स्वतः काही टिकवीत नसून आसन त्यास राखीत असते. त्यावर त्यांचा आक्षेप असा की, इंग्रजीत तिन्हीकडे एकच शब्द चालतो, मराठीत तीन कशाला? यावर आमचे दोन-तीन दिवस बोलणे झाले. अखेरीस त्यांनी व्याख्यानात फळ्यावर 7 आणि 6 हे आकडे लिहिले, वजाबाकी करून दाखविली, आणि माझा तिसरा शब्द वापरला. छापील सारांशात मात्र 'स्थैर्य' हाच शब्द कायम राहिला.